स्टिकर नको, वॅट वाचा: गेमिंग लॅपटॉपचा प्रोसेसर निवडताना आणि ग्राफिक्स ड्रायव्हर बदलताना

गेल्या दिवाळीत भाच्याने गेमिंग लॅपटॉप घेतला आणि पंधरा दिवसांत त्याचा फोन आला. "मामा, गाडी चौकात वळवली की गेम अडकतो. ड्रायव्हर तीनदा बदलला, काही फरक नाही." रविवारी त्याच्याकडे गेलो. गेम लावला आणि पडद्याच्या कोपऱ्यात आकडे चालू केले. मोकळ्या रस्त्यावर सेकंदाला ८० फ्रेम, म्हणजे ८० चित्रं, चौक आला की धाडकन २५. आणि नेमक्या त्याच क्षणी ग्राफिक्स चिपचा वापर ९० टक्क्यांवरून ४० वर यायचा. म्हणजे चिप दमलेली नव्हती, हात बांधून कुणाची तरी वाट बघत बसली होती. टास्क मॅनेजर उघडून मेमरीच्या पानावर गेलो. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'स्लॉट्स यूज्ड: १ ऑफ २'. आठ जीबी रॅमची एकच पट्टी. तेवढीच दुसरी बसवली आणि धक्के थांबले. ड्रायव्हर बिचारा निर्दोष होता.

गेम अडकला की आपण आधी ड्रायव्हरला, म्हणजे ग्राफिक्स चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, शिव्या घालतो, कारण तो फुकटात बदलता येतो. प्रोसेसर मात्र लॅपटॉपच्या बोर्डावर कायमचा डकवलेला असतो. तो एकदाच निवडायचा असतो, दुकानात. म्हणून वेळ तिथे घालवा, आणि ड्रायव्हरचं शहाणपण नंतरसाठी ठेवा.

आधी गेम ठरवा

प्रत्येक फ्रेमचं काम दोघांत वाटलेलं असतं. शत्रू कुठे आहे, गोळी कुठे लागली, गाडी किती घसरली हे प्रोसेसर ठरवतो आणि ग्राफिक्स चिपला काय काय काढायचं त्याची यादी देतो. चिप ती यादी रंगवते. यादीच उशिरा आली तर रंगारी कितीही चपळ असून उपयोग नाही.

व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ मध्ये चित्र हलकं असतं, पण फ्रेम दीडशे-दोनशेच्या पुढे हव्या असतात. तिथे ओझं प्रोसेसरवर पडतं. शहर वसवायचे, सैन्य हलवायचे गेमही प्रोसेसरच खातात. याउलट सायबरपंक २०७७ रे ट्रेसिंग (उजेड आणि प्रतिबिंबं खऱ्यासारखी दाखवायची सोय) लावून खेळायचा असेल तर ग्राफिक्स चिपच घामाघूम होते आणि प्रोसेसर मधला असला तरी भागतं. पडद्याचंही तसंच. १९२० बाय १०८० च्या १४४ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणाऱ्या पडद्यावर प्रोसेसरचा कस लागतो. २५६० बाय १६०० घेतलात की भार चिपकडे सरकतो. तेव्हा "सगळ्यात भारी प्रोसेसर कोणता" हा प्रश्न दुकानदाराला विचारू नका. तो त्याच्याकडे पडून असलेला दाखवेल.

प्रोसेसरचं नाव वाचायचं कसं

स्टिकरवर मोठ्या अक्षरांत इंटेलचं आय५, आय७ किंवा एएमडीचं रायझन ७ लिहिलेलं असतं. ते जवळजवळ निरुपयोगी आहे. खरी माहिती त्यानंतरच्या बारीक आकड्यांत आणि शेवटच्या अक्षरात असते.

एकच उदाहरण घेऊ. इंटेल आय७-१३५५यू आणि इंटेल आय५-१३४५०एचएक्स. दोन्ही तेराव्या पिढीचे, दोन्हींत १० कोअर, म्हणजे प्रोसेसरच्या पोटातले काम करणारे भाग. वरवर पाहता आय७ वरचढ. पण आय७-१३५५यू च्या १० कोअरपैकी मोठे, ताकदीचे कोअर फक्त २. उरलेले ८ छोटे, वीज वाचवणारे. आय५-१३४५०एचएक्स मध्ये मोठे ६ आणि छोटे ४. पहिल्याची मूळ वीज-मर्यादा १५ वॅट, दुसऱ्याची ५५. गेमला मोठे कोअर लागतात आणि वीज लागते. म्हणजे इथे आय५ ने आय७ ला सरळ मागे टाकलं. शेवटचं अक्षर यू असेल तर तो ऑफिसच्या पातळ लॅपटॉपचा प्रोसेसर. सोबत कोणतीही ग्राफिक्स चिप असो, मी तो गेमिंगसाठी घेणार नाही. एच चांगला. एचएक्स म्हणजे डेस्कटॉपचाच प्रोसेसर लॅपटॉपच्या अंगात बसवलेला.

इंटेलमध्ये बारावी, तेरावी आणि चौदावी पिढी यांच्यात नावाइतका फरक नाही. बाराव्या पिढीचा आय७-१२७००एच म्हणजे ६ मोठे, ८ छोटे कोअर. तेराव्या पिढीचा आय७-१३६२०एच म्हणजे ६ मोठे, ४ छोटे. पिढी वाढली, कोअर घटले. अलीकडे इंटेलने नावातला 'आय' काढून टाकलाय. 'कोअर ७ २४०एच' असं काही दिसलं तर हुरळून जाऊ नका, त्यातही ६ मोठे आणि ४ छोटेच कोअर आहेत, आणि रचना तेराव्या पिढीचीच. नावात 'अल्ट्रा' असेल तर रचना नवी. मात्र नवी म्हणून गेममध्ये मोठी झेप घेतेच असं नाही. बॅटरी जास्त टिकते हा तिचा खरा फायदा.

एएमडीने २०२३ पासून लॅपटॉपच्या ७००० मालिकेत एक गंमत केली. चार आकड्यांपैकी पहिला आकडा वर्षाचा, तिसरा रचनेचा. रायझन ७ ७७३५एचएस मधला तिसरा आकडा ३, म्हणजे झेन ३ प्लस. हा २०२२ चा ६८००एच नवा सदरा घालून आलेला आहे. रायझन ५ ७६४०एचएस मधला तिसरा आकडा ४, म्हणजे झेन ४. पहिल्यात ८ कोअर, दुसऱ्यात ६. तरी गेमसाठी मी सहावाला उचलीन, कारण त्याचा एकेक कोअर जास्त वेगाचा आहे आणि बहुतेक गेमना ६ कोअर पुरतात. ७८४०एचएस आणि ८८४५एचएस हे भाऊच. वर्षभराने आलेल्या धाकट्याचा एआयचा भाग जोरकस केला, आणि गेमला त्या भागाचं काही देणंघेणं नाही. पुढे आलेला 'रायझन ७ २६०' हाही त्याच घराण्यातला. तेव्हा जुना ७८४०एचएस सवलतीत मिळत असेल तर लाज वाटून घेऊ नका.

एका प्रोसेसरबद्दल मात्र सावध करतो, कारण आपल्याकडे स्वस्तातल्या गेमिंग लॅपटॉपमध्ये तो सर्रास दिसतो: रायझन ७ ७४३५एचएस. ८ कोअर आहेत, किंमत आकर्षक, गेमही नीट चालतात. पण त्याच्या पोटात स्वतःचं ग्राफिक्सच नाही. इतर लॅपटॉपमध्ये साधं काम करताना प्रोसेसरमधलं छोटं ग्राफिक्स चालतं आणि मोठी चिप झोपते. इथे तुम्ही नुसतं वर्ड उघडलंत तरी मोठी चिप जागी. कॉलेजच्या लेक्चरला चार्जरशिवाय न्यायचा लॅपटॉप असेल तर हा नको. टेबलावरच राहणार असेल तर खुशाल घ्या.

तेराव्या-चौदाव्या पिढीच्या इंटेलबद्दल २०२४ मध्ये जो गदारोळ झाला, प्रोसेसर हळूहळू खराब होतात वगैरे, तो डेस्कटॉपच्या प्रोसेसरचा होता. लॅपटॉपच्या प्रोसेसरना तो दोष लागू नाही असं इंटेलने जाहीर केलं. त्यासाठी कुणी तुम्हाला घाबरवून दुसरा लॅपटॉप गळ्यात मारत असेल तर ऐकू नका.

चिपचे वॅट विचारा

आरटीएक्स ४०६० असं नाव असलेल्या लॅपटॉपच्या ग्राफिक्स चिपला ती बनवणाऱ्या एनव्हीडियाने ३५ ते ११५ वॅटपर्यंत कुठलीही मर्यादा ठेवायची मुभा दिली आहे. शिवाय प्रोसेसर मोकळा असेल तर त्याच्या वाटची २५ वॅटपर्यंत वीज चिपला वळवता येते. म्हणून जाहिरातीत १४० चा आकडा दिसतो. ६० वॅटची ४०६० आणि १४० वॅटची ४०६० यांचं नाव एक, काम वेगळं. माझ्या मते पूर्ण वॅटची ४०५० ही गळा आवळलेल्या ४०६० शेजारी ठेवून बघण्यासारखी असते, फक्त तिच्यात मेमरी ६ जीबी आहे आणि ४०६० मध्ये ८. नव्या गेमना ते २ जीबी जाणवतात.

लॅपटॉपच्या ४०७० मध्येही ८ जीबीच मेमरी आहे, आणि ५०६० व ५०७० मध्येही. १२ जीबी हवी असेल तर थेट ५०७० टीआयपर्यंत चढावं लागतं. एवढी माहिती असली की ५०६० वरून ५०७० वर जाण्यासाठी दुकानदार जे पैसे मागतो ते द्यायचे की त्यात रॅम आणि मोठी एसएसडी घ्यायची, हे तुमचं तुम्हाला कळेल. मी रॅम घेईन.

आणि अंगाची जाडी. नागपूर, अकोला, चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. पंखे खोलीतली हवाच आत ओढतात. ती हवा गरम असेल तर लॅपटॉप थंड करणार कशाने? इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉप-प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांची. तिथे पोचला की तो आपणहून वेग कमी करतो. पातळ अंगात कोंबलेल्या एचएक्सपेक्षा जाड अंगातला, मागे मोठी जाळी असलेला साधा एच विदर्भात जास्त काम देईल. वजन अर्धा किलो वाढेल, वाढू दे.

दुकानातली दहा मिनिटं

लॅमिंग्टन रोडला घ्या नाहीतर गावातल्या दुकानात, डेमोचा तोच लॅपटॉप चालू करायला लावा. चार्जर जोडलेला हवा. बॅटरीवर गेमिंग लॅपटॉप अर्ध्या ताकदीनेच चालतो.

डेस्कटॉपवर उजवं बटण दाबून एनव्हीडिया कंट्रोल पॅनेल उघडा. डाव्या खालच्या कोपऱ्यात 'सिस्टिम इन्फर्मेशन' असतं. त्यात 'मॅक्स ग्राफिक्स पॉवर' या ओळीपुढे वॅटचा आकडा असतो. विक्रेत्याला बऱ्याचदा तो माहीतच नसतो, पण मशीन खोटं बोलत नाही. मग कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. प्रोसेसरचं पूर्ण नाव आणि रॅमच्या किती जागा भरल्या आहेत हे दोन्ही तिथे दिसतं. एकच पट्टी असेल तर दुसरी तिथेच घालून घ्या आणि बिलावर लिहून घ्या. दोन पट्ट्यांमुळे प्रोसेसरला मेमरीकडे जायचे रस्ते दुप्पट होतात, आणि त्याचा फायदा फ्रेमच्या सरासरीपेक्षा धक्के कमी होण्यात जास्त दिसतो.

शेवटचं विचारा, मक्स स्विच आहे का. बऱ्याच लॅपटॉपमध्ये मोठ्या चिपने काढलेलं चित्र प्रोसेसरमधल्या छोट्या ग्राफिक्समधून फिरून पडद्यावर येतं. मक्स स्विच असेल तर हा वळसा टाळता येतो. जास्त फ्रेमच्या गेममध्ये हा फरक जाणवतो.

पहिली संध्याकाळ

नव्या लॅपटॉपवर गेम उतरवण्याआधी तासभर त्याला द्या. आधी विंडोज अपडेट पूर्ण होऊ द्या, दोनदा रीस्टार्ट मागेल, द्या. मग लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर तुमचं नेमकं मॉडेल शोधा आणि तिथून चिपसेटचा (मुख्य बोर्डाचा) ड्रायव्हर आणि प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सचा ड्रायव्हर घ्या. हो, ग्राफिक्सचे ड्रायव्हर दोन असतात. लोक मोठ्या चिपचा बदलतात आणि छोटीचा विसरतात. पडदा जर छोटीला जोडलेला असेल तर लुकलुकण्याचं कारण तीही असू शकते. शेवटी एनव्हीडियाच्या संकेतस्थळावरून मोठ्या चिपचा ड्रायव्हर, नोटबुकसाठीचा म्हणजे लॅपटॉपसाठीचा. एनव्हीडिया ॲप घातलंत तर तेच शोधून देतं, आणि जुन्या जीफोर्स एक्सपिरियन्ससारखं लॉगिन मागत नाही. ड्रायव्हर अपडेट करून देतो म्हणणारी इतर सॉफ्टवेअर लॅपटॉपवर येऊ देऊ नका. त्यातली बरीचशी पैसे मागतात, काही जाहिराती सोडतात, आणि जे काम करतात ते विंडोज फुकट करतं.

एनव्हीडियाचे ड्रायव्हर दोन नावांनी मिळतात. गेम रेडी हे नव्या गेमच्या मुहूर्तावर येतात. स्टुडिओ हे सावकाश येतात आणि व्हिडिओ, थ्रीडी करणाऱ्यांच्या सॉफ्टवेअरवर जास्त तपासलेले असतात. स्टुडिओवर गेम चालत नाहीत हा गैरसमज आहे. वर्षभर तेच दोन-तीन जुने गेम खेळणाऱ्याने स्टुडिओ घातला तर काही बिघडत नाही.

अपडेट कधी करायचं

माझा नियम साधा आहे. तुम्ही खेळणार असलेला नवा गेम आलाय, किंवा तुम्हाला भेडसावणारी नेमकी अडचण सुटल्याचं नव्या आवृत्तीच्या टिपणात लिहिलंय, किंवा सुरक्षेची भोकं बुजवलीत. या तिन्हींपैकी काही असेल तर बदला. नसेल तर चाललेल्या गाड्याला खीळ घालू नका. आलेल्या दिवशी तर नाहीच, आठवडाभर इतरांना प्रयोग करू द्या.

ही भीती उगाच नाही. मार्च २०१० मध्ये एनव्हीडियाने १९६.७५ हा ड्रायव्हर मागे घेतला, कारण त्यामुळे काही ग्राफिक्स कार्डांचे पंखे नीट फिरेनात आणि कार्डं तापू लागली. २०२५ च्या सुरुवातीला आरटीएक्स ५० मालिकेसोबत आलेल्या ड्रायव्हरांनी अनेकांचे पडदे काळे केले. दुरुस्त्या निघत राहिल्या, आणि जुनी कार्डं असलेले कित्येक जण डिसेंबर २०२४ च्या ५६६.३६ वरच मुक्काम करून बसले.

तुमच्याकडे सध्या कोणता आहे? डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टर्सखाली चिपच्या नावावर दोनदा क्लिक करा आणि ड्रायव्हरच्या पानावर बघा. ३२.०.१५.६६३६ असा लांबलचक आकडा दिसेल. त्यातले शेवटचे पाच अंक घ्या, ५६६३६, आणि तीन अंकांनंतर टिंब द्या. झाला ५६६.३६. बदलण्याआधी हा आकडा कागदावर लिहा आणि त्या ड्रायव्हरची फाइल उतरवून ठेवा. परत फिरायची वेळ आली तर शोधाशोध नको.

बसवताना 'एक्स्प्रेस' ऐवजी 'कस्टम' निवडा आणि 'क्लीन इन्स्टॉलेशन' वर खूण करा. त्याने तुमच्या जुन्या सेटिंग पुसल्या जातात, पण जुन्या ड्रायव्हरचा कचराही जातो. मध्ये पडदा दोन-तीनदा काळा होईल, घाबरून बटण दाबू नका. आणि नंतरच्या पहिल्या खेळावरून मत बनवू नका: ड्रायव्हर बदलला की गेमला शेडर, म्हणजे चित्र रंगवायच्या सूचना, नव्याने तयार करावे लागतात, त्यामुळे सुरुवातीला धक्के बसतातच.

बिघडलंच तर

पहिला उपाय डिव्हाइस मॅनेजरमधलं 'रोल बॅक ड्रायव्हर'. दोन क्लिकमध्ये मागची आवृत्ती परत येते. ते बटण फिकट असेल तर कागदावर लिहिलेली जुनी आवृत्ती क्लीन इन्स्टॉलेशनने घाला. त्यानेही भागलं नाही तरच डीडीयू, म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर. हे फुकट सॉफ्टवेअर सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज कमीत कमी ड्रायव्हरांवर चालू करून चालवायचं, आणि त्याआधी वायफाय बंद करायचं. नाहीतर तुम्ही एकीकडे पुसताय आणि दुसरीकडे विंडोज आपल्या मर्जीचा ड्रायव्हर चढवतंय असं होतं.

इथे मी स्वतः तोंडघशी पडलोय. एका शेजाऱ्यांच्या मुलाचा लॅपटॉप होता. मोठ्या ऐटीत सेफ मोडमध्ये गेलो तर समोर निळा पडदा: ४८ अंकी रिकव्हरी की टाका. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की बऱ्याच लॅपटॉपची डिस्क आपोआप कुलूपबंद होते, आणि चालू व्हायची पद्धत बदलली की ती किल्ली मागते. किल्ली त्या खात्यात ऑनलाइन असते. खातं मुलाच्या आईच्या नावावर होतं, पासवर्ड जुन्या फोनमध्ये, आणि ताई त्या दिवशी गावाला. रात्री अकराला किल्ली मिळाली. तेव्हापासून डीडीयू असो की बायॉस (लॅपटॉप चालू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट, आधी किल्ली दुसऱ्या फोनवर उघडून दिसतेय ना हे बघतो, मगच हात लावतो.

दोष कुणाचा, हे असं ओळखा

खेळताना ऑल्ट आणि आर दाबलं की एनव्हीडिया ॲपचे आकडे पडद्यावर येतात. ग्राफिक्स चिपचा वापर ९५ टक्क्यांच्या वर असेल तर चिप पूर्ण राबतेय. गेममधली सावल्यांची आणि रे ट्रेसिंगची हौस कमी करा किंवा डीएलएसएस (चित्र लहान काढून मोठं करायची एनव्हीडियाची सोय) लावा. वापर ५०-६० वर रेंगाळतोय आणि फ्रेमही कमी, तर अडथळा प्रोसेसर किंवा रॅमचा. खात्री करायची असेल तर रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. फ्रेम वाढल्या नाहीत तर जगातला कुठलाही ग्राफिक्स ड्रायव्हर तुम्हाला मदत करणार नाही. गेममधली गर्दी, दूरवर दिसण्याचं अंतर अशा सेटिंग कमी करून बघा.

सुरुवातीला छान आणि वीस मिनिटांनी घसरण, हे उष्णतेचं लक्षण. मागची बाजू उचला, जाळी साफ करा. आणि वापर जवळजवळ शून्य दिसत असेल तर गेम चुकून छोट्या ग्राफिक्सवर चाललाय: विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स या वाटेने जाऊन त्या गेमपुढे 'हाय परफॉर्मन्स' निवडा. ड्रायव्हरचा दोष वेगळाच दिसतो: कालपर्यंत नीट चाललेला गेम अपडेटनंतर बंद पडतो, पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो, चित्रात चौकोन किंवा रंगाचे ओघळ दिसतात. अशा वेळी मागची आवृत्ती घाला.

जुना लॅपटॉप घेणाऱ्यांसाठी एवढंच. जीटीएक्स १०५०, १०६० ही पास्कल पिढीची कार्डं. त्यांचे गेमसाठीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले आणि पुढे ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेपुरते येणार आहेत. जीटीएक्स १६५० ट्युरिंग पिढीचं असल्यामुळे या कात्रीतून सुटलं. विकणारा "लेटेस्ट ड्रायव्हर टाकून देतो" म्हणाला तर आधी चिपचं नाव विचारा, आणि १० ने सुरू होणारं जीटीएक्स असेल तर किंमत तिथूनच खाली खेचायला सुरुवात करा.